लेहु खाडीच्या झावळ्या

१

शुक्रवारी सकाळी लेहु खाडी रिकामी सापडली आणि दुपारच्या आत अख्खं गाव माझ्या अंगणात चोर पकडायला आलं.

पकडायला म्हणजे काय, चोर त्यांनी येतानाच ठरवून आणला होता. माझ्याकडे उतरलेली वेनिंग. सुराबायाची पोर, अंगापेक्षा पाठीवरची पिशवी मोठी, आणि आमच्या नुसालोने बेटाला पायी फेरी मारायचं खूळ डोक्यात. मी तीन खोल्या भाड्याने देते. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारी असली पोरं वर्षभर येत-जात असतात, गावालाही त्याचं काही वाटत नाही. वाटलं ते त्या दिवशी, कारण शिव्या द्यायला कुणीतरी परकं हवं होतं.

दोन वर्षं त्या खाडीवर सासी होती. एकदा सासी लागली की तिथे जाळं टाकायचं नाही, शंख उचलायचा नाही, पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही. खाडीच्या तोंडाशी आडव्या काठीला पूर्वजांच्या नावाने कोवळ्या झावळ्या बांधतात, त्या ओलांडायची कुणाची छाती नसते. सोमवारी ती सासी उठायची होती. आतले लोला शंख पोसून वाटीएवढे झालेले. ते विकून गाव स्वतःची बोट घेणार होतं, आजाऱ्याला आणि अडलेल्या बाईला अंबोनच्या इस्पितळात न्यायला.

ती बोट माझ्या लिडियाची होती, असंच मी समजत होते. माझी लेक दोन वर्षांपूर्वी धक्क्यावर अडून मेली, पोटातल्या बाळासकट. वेम्पीची स्पीडबोट दुसरं भाडं घेऊन गेली होती. तिच्या मातीला जमलेल्या लोकांनी तिथेच ठरवलं की यापुढे असं होऊ द्यायचं नाही, आणि खाडी बंद केली. आता मला सांगा, त्या खाडीवर कुणी हात मारला तर मी शांत बसेन?

अंगणात सगळ्यात पुढे मेल्की होता. खाडीच्या राखणदारांतला सगळ्यात तरुण, आणि आमच्या गावप्रमुखाचा, म्हणजे बापा राजाचा, सख्खा पुतण्या. त्याने वेनिंगची पिशवी उलटी करून झटकली. कपडे, झुला, दोऱ्यांची भेंडोळी, पातेलं, आणि शेवटी टणकन पडला एक लोला.

"हे बघा!" मेल्की ओरडला.

"तो मागच्या किनाऱ्यावर वाळूत पडला होता," वेनिंग म्हणाली. "मेलेला आहे. भोकं बघा त्याला!"

"शंख तो शंख. गुरुवारी मी हिला कड्यावरून खाडीत उतरताना डोळ्यांनी पाहिलं. मी पोचेपर्यंत पसार झाली."

"एकटी पोर खाडीभर शंख कडेवर घेऊन पसार झाली होय रे?" मी विचारलं.

"बाहेर साथीदारांची बोट असणार, उसी नेल. तुम्ही हिची बाजू घेऊ नका. तुमच्याच लिडियाच्या बोटीवर दरोडा पडलाय."

थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'उसी' म्हणत तो हे बोलला आणि मी बाजूला झाले. कारण धक्क्यावर त्या दिवशी लिडियाचं डोकं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसला होता तो हाच मेल्की.

बापा राजाने निकाल दिला. रविवारी चर्च सुटलं की चोराच्या गळ्यात शंखांची माळ बांधायची, ढोल वाजवत गावभर फिरवायचं आणि दुपारच्या फेरीबोटीत ढकलायचं. सासी मोडणाऱ्याला पूर्वीपासून हीच शिक्षा. वर माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तुझ्या खोल्यांना कुलूप, नेल. यापुढे गावात परका उतरणार नाही."

गर्दी पांगल्यावर वेनिंग अंगणात कपडे गोळा करत होती. रडत नव्हती. दात-ओठ खात होती.

"मी खाडीत उतरले नाही," ती म्हणाली. "कड्यावर झुला बांधून पडले होते. खाली एक होडी होती, आणि एक माणूस, तोंड दिसलं नाही, ती वाळूवर ओढत होता. पार झाडांच्या मुळापर्यंत, जीव खाऊन. मला नवल वाटलं, बाजूला इतकी झाडं आहेत तर बांधून का नाही ठेवत?"

"मग हे सगळ्यांसमोर का नाही बोललीस?"

"दोनदा बोलले. तुम्ही तरी ऐकलंत का?"

२

माझा थोरला भाऊ एलिफास अंबोनला पोलिसात होता. निवृत्त झाल्यापासून माझ्या मागच्या खोलीत राहतो, भाडं देत नाही आणि माझ्या कालवणाला नावं ठेवतो. अंगणात एवढा तमाशा चालला असताना हा दाढेत लवंग धरून आत आडवा पडला होता.

"ऊठ!" मी म्हटलं. "आयुष्यभर सरकारचा पगार खाल्लास, आता जरा अक्कल चालव."

"दाढ दुखतेय गं."

"दुखू दे. त्या पोरीची गावभर धिंड निघणार आहे. उठतोस की मच्छरदाणी फाडू?"

उठला. कुरकुरत, गाल धरून, पण माझ्यामागे खाडीपर्यंत आला.

ओहोटी होती. खडक उघडे पडलेले, आणि जिथे तिथे शंखांच्या जागी नुसते ओले ठसे. मला बघवेना. खाडीच्या तोंडावरची काठी मात्र जागच्या जागी होती, झावळ्याही. लांबून बघणाऱ्याला वाटावं की कुणी शिवलंसुद्धा नाही. एलिफास पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या काठीपाशी गेला आणि बराच वेळ वाकून उभा राहिला.

"नेल, इकडे ये. यात गाठ शोध."

मी एकेक झावळी चाचपली. एकीलाही गाठ नव्हती. प्रत्येक झावळीचा देठ मधोमध चिरून काठीवर दुमडलेला, आणि त्यातून बांबूची बारीक खुंटी आरपार खोचलेली. खुंट्या चांगल्या तासून टोक काढलेल्या. काठीखालच्या दगडावर जुनी काथ्याची दोरी सोडवून, नीट वेटोळं करून ठेवली होती. शेजारी विड्याचं पान, सुपारी आणि चिमूटभर तंबाखू.

"बघ!" मी ओरडलेच. "पूर्वजांना विचारून चोरी केलीय मेल्याने! सुराबायाची पोर इथे पान ठेवेल होय? आपल्यातलाच कुणीतरी आहे. चल, आत्ताच्या आत्ता बापा राजाला सांगू."

"तो म्हणेल पान कुणा म्हाताऱ्याने ठेवलं असेल. पानाचं सोड. मला या खुंट्यांचं सांग."

"घाई असेल. बांधायला वेळ नसेल."

"घाईतला माणूस गाठ मारेल, की सुरी काढून बांबू तासत बसेल?" त्याने दोरीचं वेटोळं उचललं. "दोरी इथेच आहे. धडधाकट आहे. ती सोडवली त्यानेच, त्याच हातांनी. मग परत बांधली का नाही?"

आता कुणी म्हणेल, एवढी साधी गोष्ट आणि तुला सुचली नाही? नाही सुचली. रागाने डोकं भणभणत असलं की उजेडातलंही दिसत नाही.

"आणि होडीही बांधली नाही," मी म्हटलं, आणि वेनिंगचं बोलणं त्याला सांगितलं.

एलिफासने गालावरचा हात काढला. "ही पोर आधीच का नाही भेटली मला? गाठ का मारली नाही, एवढं कळलं की चोर आपल्या हातात आहे."

३

गुरुवारी सगळं गाव आमच्या गावाने भाऊ मानलेल्या गावी जेवायला गेलं होतं, बेटाच्या पलीकडच्या अंगाला. अशा मेजवानीला न जाणं म्हणजे भावाचा अपमान, त्यामुळे मागे राहिले ते मोजकेच. चर्चची घंटा वाजवणारा सौल म्हातारा, कारण त्याला खोकला. मेल्की, कारण राखणीची पाळी त्याची. आणि माणसांची ने-आण करत फिरणारा वेम्पी.

सौलकडे आम्ही आधी गेलो. शंख विकायला त्याचा पहिल्यापासून विरोध होता, पूर्वजांची खाडी बाजारात मांडता म्हणून तो सगळ्यांना शिव्या घालत असे. पण दारापर्यंत येताना त्याला दोनदा खाली बसावं लागलं.

"होडी ओढशील का रे, सौल?" एलिफासने विचारलं.

"मला आधी खाटेवरून ओढ," म्हातारा म्हणाला आणि खोकत सुटला.

मग धक्क्यावर वेम्पी. माझा तर संशय त्याच्यावरच होता, आणि खरं सांगायचं तर इच्छाही. गावाची बोट आली की याच्या स्पीडबोटीला कुत्रं विचारणार नव्हतं.

"या, या," तो दोर आवळत म्हणाला. "चोर शोधायला आलात ना? मीच असणार! सगळ्या बेटावरच्या वाईट गोष्टी मीच करतो. पाऊस नाही पडला तरी वेम्पी, कोंबडी मेली तरी वेम्पी."

"माझी लेक मेली तेव्हा तूच होतास," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "उसी, मला कुणी निरोप दिला नव्हता. किती वेळा सांगू?"

एलिफास आमच्या भांडणाकडे बघतही नव्हता. वेम्पीच्या हातांकडे बघत होता. बोलता बोलता वेम्पीने पुढचा दोर खांबाला बांधला, मागचा बांधला, वर टोपीच्या नाडीलाही गाठ मारली.

"चल, नेल," तो म्हणाला. "हा नाही."

"हा नाही म्हणजे? याला एवढ्यात सोडतोस?"

"हा नाही म्हणजे हा नाही."

मी चिडून मेल्कीच्या घराकडे निघाले. येताना माशाचं पिवळं कालवण बरोबर घेतलं होतं, कारण रिकाम्या हाताने त्याच्या दारात जाणं मला जमत नाही, लिडियानंतर तर नाहीच. मेल्की ओट्यावर सुपाऱ्या सोलत होता. बाजूला फाटलं जाळं तसंच पडलेलं. त्याची बायको योसिना बाहेर आली, कालवणाचं झाकण उघडलं आणि नाक मुरडून भांडं दूर सारलं.

"मला नको, उसी," एवढंच म्हणाली आणि जायफळाच्या फळाच्या आंबट फोडी चघळत आत गेली.

माझ्या कालवणाला नाक मुरडते! मी तर संतापाने लाल झाले. दोन वेळा पोट पडलं तिचं, दोन्ही वेळा मीच रोज डबा पोचवला होता.

एलिफासने मेल्कीला शांतपणे विचारलं, "कड्यावरून ती कुठून उतरली रे?"

"मधल्या वाटेने."

"आणि तू कुठे होतास?"

"राखणीच्या झोपडीत. तिथून धावत सुटलो." तो सोललेल्या सुपाऱ्या पोत्यात भरू लागला. "बुंग एलि, तुम्ही थोरले भाऊ, पोलिसातले, पण एवढं कशाला खोदताय? परक्या पोरीने चोरी केली, ती जाईल, विषय संपेल."

"शंख परत मिळाल्याशिवाय विषय कसा संपेल?"

मेल्कीने पोत्याचं तोंड दुमडून त्यात एक काडी खोचली आणि पोतं आत नेलं.

परत येताना किनाऱ्यावर रोबी भेटला. त्याची बायको आठव्या महिन्यात, त्यामुळे हा हल्ली अर्धा खुळा झालेला. होडीशेजारी दोर हातात धरून कुणी येतंय का बघत उभा होता.

"उसी, देवासारख्या आलात! एवढी होडी बांधा ना."

"हात झडले का तुझे?" म्हणत मी दोर हिसकावला. "बाप व्हायच्या आधीच पांगळा झालास."

"तुम्हाला माहीत आहे ना, मला गाठ मारता येत नाही आता."

माहीत होतं. बायको पोटुशी असली की नवऱ्याने गाठ मारायची नाही, मारली तर बाळंतपणात ती अडते. माझ्या जावयाने तेव्हा जाळं विणलं होतं म्हणून लिडिया अडली, असंही लोक बोलले. बिचारा गाव सोडून गेला.

मी दोर खांबाभोवती घेतला आणि माझे हात तिथेच थांबले. मागे वळून पाहिलं तर एलिफास चक्क हसत होता.

"नेल," तो म्हणाला, "माझी दाढ दुखायची थांबली."

४

"रोबी!" घरी पोचताच मी म्हटलं. "तो रोबी! आणि मी त्याचीच होडी बांधून आले!"

"रोबी गुरुवारी मेजवानीत दिवसभर मासे तळत होता. तूच त्याच्याकडून तीनदा मागून घेतलेस."

"मग कोण? गावात दुसरी कोण पोटुशी आहे?"

"आहे कुणीतरी, आणि त्यांनी अजून सांगितलेलं नाही. आधी बाळं गेलेली असली की लोक सांगायला घाबरतात."

आंबट फोडी. दूर सारलेलं कालवण. मी उठले आणि कोयता शोधायला लागले.

"हेच!" एलिफासने माझा दंड धरला. "म्हणूनच मी कुणाचं नाव घेतलं नाही. तू आत्ता जाऊन त्याची गचांडी धरशील, तो नाही म्हणेल, आणि त्याचा काका दार लावून सगळं मिटवून टाकेल. खुंट्या काय, उद्या कुणीही काढून फेकेल. हे गावासमोर व्हायला हवं."

"कसं?"

"ते माझ्यावर सोड. आणि त्या पोरीला काही बोलू नकोस. तिचा चेहरा खोटं बोलणारा नाही."

शनिवारी मी वेनिंगला पापेडा, म्हणजे सागोची गरम लापशी, वाढला. तिने हात लावला नाही.

"उसी, मला एक सांगा. समोरच्या अंगाला मी उतरले तेव्हा बायकांनी मला ओढून गाण्यात बसवलं. गरम झऱ्यापाशी एका म्हातारीने स्वतःची सागोची भाकरी मोडून दिली. मागच्या बाजूला, जिथे डोंगर कापून नेलाय, तिथली पोरं मला वाट दाखवायला दुपारभर चालली. तीच माणसं काल माझे कपडे मातीत फेकत होती. मग या बेटाचं खरं तोंड कुठलं?"

मला सगळं ठाऊक होतं आणि मी तोंड शिवून बसले होते. भावाचा इतका राग मला जन्मात आला नव्हता.

५

रविवारी चर्च सुटलं तेव्हा ढोलवाले आधीच तयार होते. आत देवाची गाणी म्हणून बाहेर पडलेले लोक पायऱ्यांवर गर्दी करून उभे राहिले. वेनिंगला मधे आणलं. तिने पाठीवर पिशवी अडकवली होती, इथून थेट बोटीवर जायचं म्हणून. मान ताठ होती. कुणीतरी मागून ओरडलं, "आता काढ फोटो!" आणि लोक हसले.

बापा राजाने शंखांची जुनी माळ आणली. ती तो स्वतःच बांधायला निघाला तेवढ्यात एलिफास पुढे झाला.

"बापा राजा, रीतीने होऊ द्या. ज्या राखणदाराने चोर पकडला, माळ त्याने बांधायची. माझ्या आजोबांच्या वेळी असंच होतं."

"होतं खरं," सौल म्हातारा खोकत म्हणाला.

"मेल्की, ये पुढे," राजा म्हणाला.

मेल्की जागचा हलला नाही. "तुम्हीच बांधा, काका. तुमचा मान आहे."

"पकडलीस तू, मान तुझा," एलिफास म्हणाला. "की पकडली नव्हतीस?"

लोक त्याला पुढे ढकलू लागले. मेल्कीने माळ घेतली, वेनिंगच्या मागे जाऊन दोरीची दोन्ही टोकं हातात धरली आणि उभा राहिला. मग टोकं एकमेकांत पिळली आणि सोडली. माळ खळकन जमिनीवर पडली. लोक हसले. त्याने पुन्हा उचलली, पुन्हा पिळली, टोकं तिच्या कॉलरमध्ये खोचली. पुन्हा पडली.

"अरे, गाठ मार की!" राजा खेकसला. "काय लहान पोरासारखं करतोस?"

मेल्कीने टोकं धरली, एकावर एक घेतली, आणि तिथेच त्याचे हात गोठले.

तेवढ्यात रोबी मोठ्याने ओरडला, "मेल्की! अरे, तूपण बाप होणार?"

बिचारा मनापासून खूश झाला होता. टाळ्याच वाजवल्या त्याने. सगळ्या बायका एकदम योसिनाकडे वळल्या, आणि योसिनाने दोन्ही हात पोटावर ठेवले.

"अभिनंदन," एलिफास म्हणाला. मग त्याने खिशातून बांबूच्या खुंट्या काढून पायरीवर टाकल्या. "या खाडीच्या काठीवरच्या. चोराने झावळ्या सोडवल्या आणि परत लावल्या, पण एकही गाठ मारली नाही. दोरी शेजारी पडलेली असताना बांबू तासत बसला. होडीही बांधली नाही, वाळूवर ओढली. या पोरीच्या पिशवीत दोऱ्याच दोऱ्या आहेत, ती दिसेल त्या झाडाला झुला बांधते. गावात गाठ न मारणारे पुरुष दोन. रोबी तुमच्यासमोर मासे तळत होता. दुसरा राखणीवर होता. पाहिजे तर आत्ता चला त्याच्या घरी, खुंट्या खोचलेली पोती मोजू."

"माडीवर आहेत," मेल्की म्हणाला. "सगळी आहेत. आज बोटीतून न्यायची होती."

मग तो माझ्याकडे वळला, दुसऱ्या कुणाकडे नाही. "उसी, डॉक्टर म्हणाला, या वेळी तिला आतापासून अंबोनलाच ठेव. कशावर ठेवू? गावाची बोट कधी येणार? शंख विकायचे, मग कमिटी, मग भांडणं, मग नाताळ. तुमची लिडिया माझ्या मांडीवर गेली. मला परत कुणाला तसं धरायचं नव्हतं."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. अशी, की माझाच हात बधिर झाला.

"माझ्या लेकीचं नाव घेऊन?" मी ओरडले. "रोबीच्या बायकोने कुठे जायचं? तिने धक्क्यावर मरायचं, तुझी तेवढी जगली पाहिजे? आणि या पोरीची धिंड? माझ्या दारात येऊन मागितलं असतंस तर मी माझं घर विकलं असतं रे, गाढवा!"

तो गाल धरून उभा राहिला. खरंच विकलं असतं मी, आणि ते त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तर आला नाही.

६

गर्दीचा नूर एका क्षणात फिरला. वेनिंगला कुणी शहाळं आणून दिलं, कुणी चटई. बापा राजा हात जोडून म्हणाला, "पोरी, गावाची चूक झाली. पोटात घाल."

वेनिंगने शहाळं पायरीवर ठेवलं. "तुमची चूक नंतर बघू," ती म्हणाली आणि एलिफासकडे वळली. "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"परवापासून. बंद खोलीत सांगितलं असतं तर दाबून टाकलं असतं, पोरी."

"मग मला सांगायचं होतं. दोन रात्री मी झोपले नाही. सगळ्या गावासमोर उभी राहिले. तुम्ही चोर पकडलात, पण मान माझी वापरलीत." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हालाही माहीत होतं."

ती धक्क्याकडे निघून गेली.

शिक्षा ठरलेलीच होती. सौलने खाली पडलेली माळ उचलली, पण मेल्कीच्या गळ्यात ती बांधायला कुणी तयार होईना. पोटातल्या जिवाची भीती सगळ्यांनाच. शेवटी त्याने ती दोन्ही हातांत धरली आणि तसाच ढोलामागून चालू लागला. काका त्याच्याकडे न बघता पुढे चालला होता.

योसिना चर्चच्या पायरीवर बसून होती, शेजारी बांधाबांध केलेलं बोचकं. तिच्याजवळ एकही बाई थांबली नाही. चोराची बायको. फेरीबोटीचा भोंगा वाजला तशी ती उठायला गेली आणि पुन्हा बसली. बोटीत ढकलायचं ते परक्या चोराला; गावच्या चोराला फेड होईपर्यंत गाव सोडता येत नाही, त्यामुळे नवरा तिच्याबरोबर येणार नव्हता.

"जाऊ दे पोहत," माझ्यामागे कुणीतरी पुटपुटलं.

त्यावर मात्र माझा ताबा सुटला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की बापा राजाच्या बायकोलाही सोडलं नाही, आणि रोबीने घाबरून कानांवर हात ठेवले. मग योसिनाचं बोचकं उचललं, तिला दंडाला धरून उभं केलं आणि घराला कुलूपही न लावता बोटीवर चढले. एलिफास धक्क्यावरून विचारत होता, माझ्या जेवणाचं काय? म्हटलं, लवंग चघळ.

डेकवर वेनिंग पार टोकाला पिशवीवर बसली होती, आमच्याकडे पाठ करून. बेट मागे पडलं, समुद्र खवळला आणि योसिनाला उलट्या सुरू झाल्या. मला एकटीला तिला सावरता येईना. तेव्हा वेनिंग उठून आली. तिने आपली चटई पसरली, पाण्याची बाटली योसिनाच्या ओठांना लावली, मागून तिची पाठ चोळली.

"हिच्यासाठी आलेय," ती मला म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

"कळलं," मी म्हटलं.

ती पुन्हा आपल्या जागेवर गेली. योसिना चटईवर आडवी झाली. डोळे मिटले, मला वाटलं झोपली.

"उसी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही त्याला माफ केलंत ना?"

"नाही," मी म्हटलं. "डोकं माझ्या मांडीवर ठेव आणि झोप."